वाचकांचे प्रश्न : घरच्या माणसाची काळजी आणि काळजी घेणाऱ्याचे हक्क

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या आमच्या वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी चार पत्रे या अंकात घेतली आहेत. पत्रे पाठवणाऱ्यांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील गाळले आहेत. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधील सुमारे ५० लाख लोकांनी आपण घरच्या किंवा जवळच्या माणसाची विनावेतन काळजी घेतो, असे नोंदवले होते. आपल्या घरांतून ही नोंद करताना अनेकांचा हात आखडतो, कारण सासू-सासऱ्यांचे किंवा मुलांचे करणे हे 'काम' म्हणून मोजायचे असते, हेच मुळात आपल्याला पटत नाही. उत्तरे प्रामुख्याने इंग्लंडमधील कायद्याला धरून दिली आहेत आणि रकमा २०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या आहेत. त्या दर एप्रिलमध्ये बदलतात.

प्रश्न : माझ्या सासूबाईंना स्मृतिभ्रंश आहे आणि त्या आमच्याकडेच राहतात. त्यांना आंघोळ घालणे, औषधे देणे, रात्री त्या उठून दाराकडे जाऊ लागल्या की परत आणून निजवणे, हे सगळे मीच करते. त्यासाठी मी नोकरीचे तास निम्म्यावर आणले. कौन्सिलला (स्थानिक प्रशासनाला) फोन केला तेव्हा सांगण्यात आले की आधी सासूबाईंचे असेसमेंट, म्हणजे गरजांची पाहणी, व्हावे लागेल. सासूबाई मात्र परक्या माणसाला घरात येऊ देत नाहीत आणि यजमानांचे म्हणणे असे की घरातले घरातच निभावावे. अशा वेळी माझ्यासाठी काही मागण्याचा मार्ग आहे का?

उत्तर : आहे, आणि तुम्हाला फोनवर मिळालेले उत्तर कायद्याला धरून नव्हते. 'केअर ॲक्ट २०१४' या कायद्याचे दहावे कलम केवळ काळजी घेणाऱ्या व्यक्तीसाठी, म्हणजे 'केअरर'साठी, आहे. एखाद्या केअररला आता किंवा पुढे मदतीची गरज असू शकते असे दिसले की तिचे स्वतंत्र असेसमेंट करणे स्थानिक कौन्सिलवर बंधनकारक आहे. ही गरज किती मोठी आहे आणि घरात पैसा किती आहे, या गोष्टी त्या टप्प्यावर पाहायच्याच नसतात. सासूबाईंचे असेसमेंट झालेले असावे किंवा तुमच्या असेसमेंटला त्यांची संमती असावी, अशी अटही कायद्यात नाही. म्हणून आता फोन न करता ईमेल किंवा पत्र पाठवा. त्यात 'केअर ॲक्ट २०१४ च्या कलम १० नुसार माझे केअरर्स असेसमेंट करावे' एवढे एक वाक्य स्पष्ट लिहा आणि त्याची प्रत जपून ठेवा. किती दिवसांत असेसमेंट करावे याचा आकडा कायद्यात नाही, परंतु ते वाजवी मुदतीत झाले पाहिजे. त्यामुळे तुमची मागणी कोणत्या तारखेची आहे, हे कागदावर असणे महत्त्वाचे ठरते.

सासूबाईंच्या नकाराबद्दलही एक गोष्ट ध्यानात घ्या. साधारणपणे कौन्सिल प्रौढ व्यक्तीच्या नकाराचा मान राखते. पण ज्या व्यक्तीला स्मृतिभ्रंशामुळे या निर्णयाचा अर्थ समजून घेणे शक्य राहिलेले नाही, तिचे असेसमेंट करणे तिच्या हिताचे असेल तर तिने नकार दिला तरी ते करावेच लागते. त्यांचा नकार हा समजून-उमजून दिलेला नकार आहे का, हा प्रश्न तुम्ही आपल्या पत्रातच उपस्थित करू शकता. परक्या माणसाची भीती वाटते म्हणून पहिली भेट घराबाहेर किंवा ओळखीच्या परिचारिकेच्या उपस्थितीत ठरवावी, अशी विनंती करण्यासही हरकत नाही.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो, कारण आपल्या लोकांचे असेसमेंट बहुतेक वेळा इथेच फसते. तुम्ही काळजी घेऊ शकता का, पुढेही घेऊ शकाल का आणि ती घेण्याची तुमची इच्छा आहे का, हे पाहण्याचे बंधन कायद्याने असेसमेंट करणाऱ्यावर घातलेले आहे. इच्छेचा उल्लेख कायद्यात मुद्दाम केलेला आहे. सून आहे, शेजारच्याच खोलीत राहते, तेव्हा ती करणारच, असे गृहीत धरण्याची मुभा कौन्सिलला नाही. असे असूनही सोशल वर्करने 'तुमचे कसे चालले आहे?' असे विचारले की आपण 'चालले आहे, करावेच लागते' असे उत्तर देतो आणि अर्जावर या बाईला मदतीची गरज नाही अशी नोंद होते. पाहुण्यांसमोर घरातली ओढाताण बोलून दाखवू नये, हे वळण इतर ठिकाणी शोभून दिसत असेल. या एका भेटीपुरते मात्र ते बाजूला ठेवा. रात्री किती वेळा उठावे लागते, पाठ कधीपासून दुखते, स्वतःची डॉक्टरांची भेट कितीदा पुढे ढकलली, मैत्रिणीकडे जाणे कधी थांबले, हे सगळे सांगा आणि ते यजमान किंवा सासूबाई समोर नसताना सांगा. तुमच्याशी एकांतात बोलावे, अशी मागणी तुम्ही करू शकता. भेटीआधीचा एक आठवडा घड्याळ लावून लिहून काढा आणि त्यात रात्रीच्या नोंदी अवश्य ठेवा. जे तुम्ही यापुढे करू शकणार नाही किंवा करू इच्छित नाही, तेही नाव घेऊन सांगा. 'आंघोळ घालण्याचे काम आता माझ्याकडून होणार नाही' हे वाक्य उच्चारणे सुनेला किती जड जाते याची आम्हाला कल्पना आहे. परंतु ते उच्चारल्याशिवाय त्या कामाची पर्यायी व्यवस्था करण्याचे कारणच कौन्सिलपुढे उभे राहत नाही.

मदतीस पात्र ठरण्याचे निकष २०१५ च्या नियमांत दिलेले आहेत. काळजी घेण्याच्या कामामुळे तुमच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याला धोका निर्माण झालेला असावा, किंवा ठराविक आठ गोष्टींपैकी एखादी गोष्ट तुम्हाला साधता येत नसावी. घर राहण्याजोगे ठेवणे, स्वतःचे खाणेपिणे सांभाळणे, स्वतःच्या मुलांकडे किंवा इतर कोणाकडे लक्ष देणे, नातीगोती टिकवणे, नोकरी किंवा शिक्षण चालू ठेवणे, परिसरातील सोयींचा लाभ घेणे आणि विरंगुळ्यासाठी वेळ काढणे, या बाबी त्या यादीत येतात. शिवाय या सगळ्याचा तुमच्या एकंदर स्वास्थ्यावर लक्षणीय परिणाम झालेला असावा. 'साधता येत नाही' याचा अर्थ नियमांनी उदारपणे लावला आहे. एखादी गोष्ट तुम्ही करता, पण ती करताना तुम्हाला खूप त्रास किंवा चिंता सोसावी लागते अथवा आरोग्य धोक्यात घालावे लागते, तरी ती 'साधता येत नाही' असेच धरले जाते. तुम्ही नोकरीचे तास निम्म्यावर आणले, ही एकच बाबसुद्धा तुमच्या अर्जात ठळकपणे यायला हवी.

पात्र ठरल्यास तुमच्या नावाने मदतीचा आराखडा तयार होतो. मदत प्रत्यक्ष सेवेच्या रूपात घेता येते किंवा 'डायरेक्ट पेमेंट' म्हणून रोख स्वरूपात घेता येते. सरकारी मार्गदर्शक सूचनांमध्ये व्यायामशाळेचे सभासदत्व, ताण हलका करण्याचे वर्ग, नातलगांशी संपर्क राहावा म्हणून लॅपटॉप, इतकेच नव्हे तर छंदासाठी बागेतली शेड अशीही उदाहरणे दिलेली आहेत. तेव्हा मागताना संकोच नको. तुम्हाला विश्रांती मिळावी म्हणून सासूबाईंजवळ दुसरे कोणी बसवायचे असेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती सेवा सासूबाईंना दिलेली असते. तिच्यासाठी त्यांची संमती, किंवा ती देण्याची क्षमता नसल्यास त्यांच्या हिताचा विचार, लागतो आणि तिचे शुल्क आकारायचे झाल्यास ते त्यांच्या उत्पन्नावरून ठरते. ते तुमच्याकडून घेता येत नाही. या मार्गाने मदत देणे जमलेच नाही, तर शक्य तितका दुसरा मार्ग शोधण्याची जबाबदारी विसाव्या कलमाने कौन्सिलवरच टाकली आहे.

असेसमेंटची लेखी प्रत आणि नकार मिळाल्यास त्याची लेखी कारणे मिळणे हा तुमचा हक्क आहे. निर्णय अन्यायकारक वाटला तर आधी कौन्सिलच्या तक्रार विभागाकडे जा आणि तिथे दाद मिळाली नाही तर 'लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समन' या स्वतंत्र तक्रार-निवारकाकडे विनाशुल्क तक्रार करा. यजमानांनाही सांगा की हे असेसमेंट म्हणजे घरावर आलेला ठपका नव्हे. तुम्ही आजारी पडलात तर सासूबाईंकडे कोण पाहणार, हा प्रश्न त्यांच्या आईच्याच हिताचा आहे.

इतर प्रांतांतील वाचकांसाठी थोडक्यात सांगायचे, तर स्कॉटलंडमध्ये १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या केअरर्स कायद्यानुसार 'ॲडल्ट केअरर सपोर्ट प्लॅन' मागावा लागतो, वेल्समध्ये हा हक्क २०१४ च्या सोशल सर्व्हिसेस अँड वेल-बीइंग कायद्यातून मिळतो आणि उत्तर आयर्लंडमध्ये आपल्या भागातील हेल्थ अँड सोशल केअर ट्रस्टकडे मागणी करावी लागते.

प्रश्न : माझे वडील ८१ वर्षांचे आहेत आणि त्यांना ॲटेंडन्स अलाउन्स (काळजीची गरज असलेल्या वृद्धांना मिळणारा सरकारी भत्ता) मिळतो. त्यांच्यासाठी माझे आठवड्यातले ३५ तास सहज जातात. शिवाय मी एका दुकानात ताशी १२.२१ पौंडांनी १७ तास काम करते. केअरर्स अलाउन्स, म्हणजे काळजी घेणाऱ्याला मिळणारा सरकारी भत्ता, मला मिळू शकेल का? यजमान म्हणतात की बापाची सेवा करून सरकारकडून पैसे घेणे बरे दिसत नाही आणि मलाही ते थोडे खटकते.

उत्तर : आधी हिशेबाचे पाहू. केअरर्स अलाउन्स आठवड्याला ८३.३० पौंड आहे. त्यासाठी आठवड्यात किमान ३५ तास काळजी घेणे आवश्यक असते आणि ज्यांची काळजी घेतली जाते त्यांना ॲटेंडन्स अलाउन्ससारखा ठराविक भत्ता मिळत असावा लागतो. या दोन्ही अटी तुम्ही पूर्ण करता. अडचण कमाईची आहे. कर, नॅशनल इन्शुरन्स आणि पेन्शनच्या हप्त्याचा निम्मा भाग वजा करून उरणारी कमाई आठवड्याला १९६ पौंडांच्या वर जाता कामा नये. तुमचे १७ तासांचे वेतन २०७.५७ पौंड होते, म्हणजे पेन्शनचा हप्ता धरूनही तुम्ही मर्यादेबाहेर जाता. १६ तास केल्यास ते १९५.३६ पौंड होते आणि तुम्ही मर्यादेच्या आत येता.

तास कमी करण्याआधी आणखी एक वजावट तपासा. तुम्ही कामावर असताना वडिलांजवळ थांबण्यासाठी जवळच्या नातलगाव्यतिरिक्त कोणाला पैसे देत असाल, तर तो खर्च तुमच्या निव्वळ कमाईच्या निम्म्यापर्यंत वजा करता येतो. अशा व्यक्तीला तुम्ही आठवड्याला १५ पौंड देत असलात तरी १७ तास कायम ठेवून तुम्ही पात्र ठराल. मात्र पावत्या जपून ठेवा.

या भत्त्याची सर्वांत क्रूर बाब म्हणजे मर्यादा एका पौंडाने ओलांडली तरी त्या आठवड्याचे संपूर्ण ८३.३० पौंड जातात. सणासुदीच्या दिवसांत दुकानात जादा पाळी केली आणि ते कळवले नाही, तर पुढे वसुलीची नोटीस येते. हजारो पौंडांच्या अशा वसुल्यांची प्रकरणे २०२४ मध्ये देशभर गाजली आणि सरकारला लिझ सेस यांच्याकडे स्वतंत्र चौकशी सोपवावी लागली. म्हणून पगारातला प्रत्येक बदल लगेच कळवा आणि कळवल्याची नोंद ठेवा. नवीन अर्जाची थकबाकी साधारणपणे मागील तीन महिन्यांपर्यंतच मिळते, त्यामुळे उशीर करू नका. वडील एकटे राहत असतील आणि त्यांच्या पेन्शन क्रेडिटमध्ये (कमी उत्पन्नाच्या वृद्धांना मिळणाऱ्या सरकारी मदतीत) गंभीर अपंगत्वाची जादा रक्कम धरलेली असेल, तर तुम्ही भत्ता घेतल्याने त्यांची ती रक्कम बंद होऊ शकते. अर्जावर सही करण्याआधी सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा केअरर्स यूके या सल्ला देणाऱ्या संस्थांकडून दोघांचा एकत्रित हिशेब करून घ्या.

कमाईमुळे भत्ता हातचा गेला तरी सगळे संपत नाही. युनिव्हर्सल क्रेडिट (कमी उत्पन्न असणाऱ्यांसाठीची सरकारी मदत) घेणाऱ्या केअररला त्यात महिन्याला २०१.६८ पौंडांचा वेगळा घटक मिळतो आणि त्याला ही १९६ पौंडांची मर्यादा लागू नाही. नोकरीत पहिल्या दिवसापासून वर्षाला एक आठवड्याची विनावेतन केअरर्स लीव्ह मिळण्याचा हक्क ६ एप्रिल २०२४ पासून लागू झाला आहे आणि ही रजा अर्ध्या दिवसाच्या तुकड्यांतही घेता येते.

बरे दिसण्याबद्दल मात्र आम्हाला मनापासून काही सांगायचे आहे. हा भत्ता १९७६ मध्ये दुसऱ्या नावाने सुरू झाला, तेव्हा विवाहित स्त्रियांना तो मिळतच नसे. त्या तशाही घरीच असतात आणि घरच्यांचे करणे हे त्यांचे कामच आहे, असे सरकारने गृहीत धरले होते. आईची काळजी घेण्यासाठी नोकरी सोडलेल्या जॅकी ड्रेक या विवाहित स्त्रीने त्याविरुद्ध दाद मागितली. युरोपीय न्यायालयाने जून १९८६ मध्ये तिच्या बाजूने निकाल दिला आणि विवाहित स्त्रियांना हा भत्ता मिळू लागला. ज्या समजुतीमुळे तुम्हाला आज खटकते आहे, त्याच समजुतीविरुद्ध एका लेकीने न्यायालयात जाऊन हा हक्क मिळवला आहे. भत्ता घेतल्याने तुमची सेवा विकली जात नाही. उलट त्यासोबत नॅशनल इन्शुरन्सची नोंद तुमच्या खात्यात जमा होते आणि म्हातारपणी तुमचे स्वतःचे पेन्शन शाबूत राहते.

प्रश्न : आम्ही दोघे स्किल्ड वर्कर व्हिसावर आहोत. आठ वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. व्हिसावर सरकारी निधी घेण्यास मनाई आहे, म्हणून कौन्सिलकडे काही मागावे की नाही, याची भीती वाटते. व्हिसा धोक्यात येईल का?

उत्तर : ज्या निधीला मनाई आहे, त्याची यादी इमिग्रेशनच्या नियमांत ठरवून दिलेली आहे. डिसॅबिलिटी लिव्हिंग अलाउन्स (अपंगत्व असलेल्या मुलासाठीचा भत्ता), केअरर्स अलाउन्स आणि युनिव्हर्सल क्रेडिट त्या यादीत आहेत. त्यामुळे व्हिसाचे नियम जाणणाऱ्या अधिकृत सल्लागाराशी बोलल्याशिवाय त्यांसाठी अर्ज करू नका. कौन्सिलची सोशल केअरची मदत, सरकारी शाळेतले शिक्षण आणि मुलासाठीचा एज्युकेशन, हेल्थ अँड केअर प्लॅन (मुलाच्या शिक्षणातील विशेष मदतीचा आराखडा) मात्र त्या यादीत नाहीत. असेसमेंट मागितल्याने व्हिसाच्या अटीचा भंग होत नाही.

अपंगत्व असलेल्या मुलाच्या पालकांसाठी असेसमेंटचा वेगळा हक्क आहे. तो १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमध्ये २०१४ च्या 'चिल्ड्रन अँड फॅमिलीज ॲक्ट' या कायद्याने घालण्यात आला. कौन्सिलच्या मुलांच्या विभागाकडे 'पॅरेंट केअरर नीड्स असेसमेंट' आणि त्यासोबत मुलाचे असेसमेंट, अशी दोन्हींची एकत्र मागणी लेखी करा. पालकांना थोडी उसंत मिळावी म्हणून 'शॉर्ट ब्रेक्स' नावाची सेवा कौन्सिलला ठेवावी लागते आणि तिची माहिती जाहीरही करावी लागते. तुमच्या पत्रात आई-वडिलांनी एकत्र जेवायला बसणेही बंद झाले, असा उल्लेख आहे. तो असेसमेंटच्या वेळी जसाच्या तसा सांगा.

प्रश्न : माझी १३ वर्षांची नात माझ्या औषधांच्या वेळा सांभाळते आणि रुग्णालयात माझ्यासाठी दुभाषाचे कामही करते, कारण सून-मुलगा कामावर असतात आणि मला इंग्रजी बोलता येत नाही. पोरगी गुणी आहे, कधी कुरकुर करत नाही. तिची शाळा त्यामुळे बुडते, याचे मला वाईट वाटते. तिच्यासाठी काही करता येईल का?

उत्तर : आजी, तुमची नात कायद्याच्या भाषेत 'यंग केअरर' आहे. १८ वर्षांखालील मुलाला काळजी घ्यावी लागते असे दिसले, किंवा त्याने स्वतः अथवा आई-वडिलांनी मागणी केली, की कौन्सिलला त्याचे असेसमेंट करावे लागते. एवढ्या वयाच्या मुलीने हे काम मुळात करावे का, हे त्यात पाहिले जाते आणि ते काम तिच्या अंगावरून काढण्यासाठी मोठ्या माणसाला कोणती मदत द्यावी लागेल, याचाही विचार होतो. म्हणून तुमच्या मुलाने एकाच पत्रात तुमचे आणि नातीचे, अशी दोन्ही असेसमेंट मागावीत आणि शाळेलाही कळवावे. २०२३ पासून शाळांच्या अधिकृत गणनेत अशा मुलांची नोंद घेतली जाते.

दुभाषाचे काम तर या आठवड्यातच थांबवता येईल. एनएचएसच्या (सरकारी आरोग्यसेवेच्या) रुग्णालयात आणि जीपीकडे (नेहमीच्या डॉक्टरांकडे) दुभाषा विनाशुल्क मिळतो आणि तिथे मुलांकडून हे काम करून घेऊ नये, अशीच अपेक्षा असते. आजाराची बातमी आजीला सांगण्याची वेळ तेरा वर्षांच्या मुलीवर येऊ नये, एवढे तरी आपण पाहायलाच हवे. पुढच्या भेटीचे पत्र आले की त्यावरच्या क्रमांकावर मुलाला फोन करायला सांगा आणि 'मराठी दुभाषा हवा' अशी नोंद करून घ्या. जीपीच्या नोंदीतही तुमची भाषा मराठी म्हणून लिहून घ्या, म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने सांगावे लागणार नाही. औषधांसाठी जवळच्या फार्मसीत विचारा. दिवस आणि वेळ यांप्रमाणे कप्पे केलेल्या डब्यात गोळ्या भरून देणे तुमच्यासाठी योग्य ठरेल का, हे फार्मासिस्ट पाहून सांगतील आणि तशी सोय झाली तर सकाळच्या गोळ्यांसाठी नातीला शाळेची बस चुकवावी लागणार नाही.